दोन बरोबरची चिन्हं

हे पनवेल लोकलमध्ये बसून लिहितोय. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी हमखास मिळते आणि सीएसएमटी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालायला भरपूर वेळही :-)

झालं असं, की आमचं सॉफ्टवेअर बिल्ड करणारी शेल स्क्रिप्ट मी लिहिलेली. माझ्या फेडोरावर वर्षभर बिनबोभाट चालली. गेल्या महिन्यात टीममधल्या नव्या मुलाने तीच उबुंटूवर चालवली आणि ग्राहकाकडे रिलीजऐवजी डीबग बिल्ड गेलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्याकडे चालते ना? मग तूच काहीतरी घोळ घातलायस." बिचारा "सॉरी सर" म्हणून खाली बसला.

रात्री घरी स्क्रिप्ट उघडली. पहिल्या ओळीत मी 'एसएच' मागितलं होतं. फेडोरावर त्या नावामागे बॅश असतो. उबुंटूने मात्र ऑक्टोबर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तिथे डॅश बसवला, मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. डेबियननेही २०११ मध्ये तेच केलं. डॅश पॉझिक्सला धरून चालतो. चौकटी कंसात तुलना करायला तिथे बरोबरचं एकच चिन्ह चालतं. मी दोन दिली होती. बॅशने लाडाने चालवून घेतली. डॅशने 'अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर' एवढं पुटपुटून अट खोटी धरली, आणि स्क्रिप्ट थांबायचं सोडून खुशाल पुढे गेली!

आईची आठवण झाली. ताईला अमेरिकेत तिने फोनवर मोदक सांगितले होते, "उकडीला आपलं नेहमीचं पीठ घे." ताईने तिथल्या दुकानातलं नेहमीचं घेतलं. सगळे मोदक फुटले. आई म्हणाली, "हिला मेलीला काही जमतच नाही." आईचं 'नेहमीचं' म्हणजे आमच्या गिरणीतलं, बासमती तुकड्याचं. ते तिने सांगितलंच नव्हतं. तेव्हा मी आईला किती हसलो होतो!

एक चिन्ह खोडलं, स्क्रिप्ट डॅशवर चालवून पाहिली. सकाळी त्या मुलाला सांगितलं, "चूक माझी होती रे."

तो म्हणाला, "माहीत होतं सर. मला त्याच दिवशी सापडली होती. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, मग सांगायचा धीर झाला नाही."

स्क्रिप्ट दुरुस्त व्हायला एक मिनिट लागलं. हे दुसरं दुरुस्त व्हायला किती लागेल, बघू. सुरुवात म्हणून आज सगळ्यांसमोर बोलणार आहे.

आणि हो, ताईलाही फोन करायचाय.