छताला पाइप, ताटात चॉप

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा, एडिसनच्या ओक ट्री रोडवरची किराणा दुकाने, एखादे देऊळ. जेवण मात्र घरचे, आणि बाहेर खायचे झालेच तर डोसा नाही तर पिझ्झा. त्यामुळे "परत जाण्यापूर्वी एकदा तुम्हांला खऱ्या अमेरिकन हॉटेलात जेवायला न्यायचंय," असे मुलाने म्हटले की वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. खरे अमेरिकन हॉटेल म्हणजे बहुतेक वेळा स्टेकहाऊस, आणि स्टेक म्हणजे गाईबैलाचे मांस!

ठाण्याच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या मुलाने यातून शोधून शोधून वाट काढली. न्यूयॉर्कच्या ३६व्या रस्त्यावर 'कीन्स' नावाचे जुने स्टेकहाऊस आहे. तिथला स्टेक प्रसिद्ध आहेच, पण त्याहून प्रसिद्ध आहे तो मटण चॉप. घरात मटण-मासे चालत होते, म्हणजे प्रश्न मिटला. एडिसनहून गाडीत बसले की थेट पेन स्टेशन, आणि तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर हॉटेल. टेबल तेवढे शनिवारचे मिळाले. आईचा शनिवार! पण "मी भाजी खाईन, माझं काय एवढं," असे म्हणून तिने तोही प्रश्न निकालात काढला. आया असे प्रश्न नेहमीच निकालात काढतात.

हे ठिकाण १८८५ सालचे. त्या काळी हा भाग नाटकवाल्यांचा होता. आल्बर्ट कीन हा नाटकमंडळींच्या 'लॅम्ब्ज' या क्लबाशी संबंधित माणूस. त्याने हे हॉटेल काढले आणि शेजारच्या थिएटरातले नट रंगवलेल्या चेहऱ्यांनी दोन अंकांच्या मध्ये मागच्या दाराने पोटपूजेला येऊ लागले. बायकांना मात्र आत मज्जाव. लिली लँग्ट्री या गाजलेल्या इंग्लिश नटीने त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली, १९०५ साली ती जिंकली आणि ऐटीत आत येऊन तिने चॉप मागवला. ही हकीगत ऐकल्यावर कांजीवरम नेसून आलेल्या आईने खुर्ची जरा पुढे ओढून घेतली म्हणतात.

आत शिरल्यावर नजर जाते ती वर. सगळे छत मातीच्या लांब, बारीक पाइपांनी झाकलेले आहे. हजारो पाइप, ओळीने टांगलेले. हे पाइप इतके नाजूक की खिशात किंवा घोड्यावरच्या झोळीत टिकत नसत, म्हणून नेहमीच्या खानावळीतच आपला पाइप ठेवून जाण्याची जुनी इंग्लिश रीत होती. तीच इथे आली. गिऱ्हाईक जेवून उठले की पोऱ्या त्याचा पाइप शोधून आणून देई. थिओडोर रूझवेल्ट आणि आइन्स्टाइन यांचीही नावे या पाइपवाल्यांच्या यादीत आहेत. आपल्याकडच्या खानावळीत महिन्याच्या गिऱ्हाइकाचा तांब्या वेगळा असे, त्यातलाच हा प्रकार.

मेन्यूकार्ड आले. अशा हॉटेलांत ते वाचायला फारसे अवघड नसते, कारण पदार्थ थोडे. मांसाचे मोठाले तुकडे, बटाटा, पालक, टोमॅटो-कांदा. सगळे कसब मांस निवडण्यात आणि मुरवण्यात असते. चांगल्या स्टेकहाऊसमध्ये मांस गोठणबिंदूच्या जरा वर, थंड कोरड्या खोलीत तीन-चार आठवडे उघडे ठेवतात. त्यातले पाणी उडते, वजन घटते, तंतू सैल होतात आणि चव दाट होते. मग फक्त मीठ, मिरपूड आणि प्रखर आच. हळद नाही, वाटण नाही. आपल्या जिभेला हा प्रकार प्रथम अळणीच वाटणार.

वेटरने सगळ्यांची मागणी घेतली. वडिलांनी चॉप सांगितला, "पूर्ण शिजवून" अशी ताकीद देऊन. आईने पालक आणि बटाटा. सून मेन्यूकार्डात तोंड खुपसून बसली आणि मासा म्हणाली. मुलाची पाळी आली तेव्हा तो घुटमळला. डोळे स्टेकच्या रकान्यावरून खाली आले आणि तोही माशावर थांबला.

"मासाच का?" आईने विचारले.

"सहज. आज मासा खावासा वाटतोय."

"तुला आवडतं ते मागव. महिनाभर फ्रीज मीच उघडतेय."

टेबलावर एकदम शांतता पसरली. वेटर वही-पेन्सिल घेऊन उभा. त्याला मराठी कळण्याचे कारण नव्हते, पण अशा शांतता त्याने पुष्कळ पाहिल्या असाव्यात. वडील मान वर करून पाइप मोजू लागले. बऱ्याच वेळाने, छताकडे बघतच ते म्हणाले, "माझ्यासमोर ठेवू नका म्हणजे झालं. त्या कोपऱ्यात बस."

मुलगा उठला, बायकोशी जागा बदलली आणि त्याने स्टेक मागवला.

असे प्रसंग परदेशी राहणाऱ्या किती घरांत होत असतील! मुले पहिल्या वर्षी कँटीनमध्ये चुकून खातात, दुसऱ्या वर्षी जाणून, आणि मग आईबाप येणार म्हटले की डीप फ्रीझर रिकामा करायची धावपळ. यात धर्म बुडाला की नाही हा ज्याचा त्याचा विचार. पण पस्तिशीच्या मुलाने वडिलांसमोर मासा खावासा वाटल्याचे सोंग करावे, हे त्या वडिलांनाही सुखाचे नसतेच.

चॉप आला तो एवढा मोठा की वडील दचकले. नाव मटणाचे राहिले असले तरी हल्ली ते कोकराचे मांस असते. आपल्या बोकडाच्या मटणाशी त्याचे नाते लांबचे. कडेची चरबी करपून कुरकुरीत झालेली, शेजारी पुदिन्याची गोड जेली. "पुदिन्यात साखर?" एवढाच शेरा मारून त्यांनी ती बाजूला सारली. मांस मात्र मन लावून खाल्ले. आईला पालक आवडला. "ताकातल्या भाजीसारखा आहे, फोडणी तेवढी विसरलेत," ती म्हणाली. कोपऱ्यातून मुलगा हसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

बिल वडिलांना दिसू नये म्हणून मुलाने बरीच खटपट केली. वर न्यूयॉर्कचा ८.८७५ टक्के कर आणि वीस टक्के टीप. वडिलांनी ते पालथ्या बाजूने वाचले, मनात रुपये केले आणि सवयीने बेरीज तपासून "बरोबर आहे" म्हणाले.

उरलेले बांधून द्यायची तिथे पद्धत आहे. वेटरने दोन वेगळ्या पिशव्या आणल्या. परतीच्या गाडीत चॉपची पिशवी वडिलांच्या मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी आई त्याला कांदा-खोबऱ्याचे वाटण लावणार, हे पेन स्टेशनवरच ठरले होते. दुसरी पिशवी मुलगा पायाशी धरून बसला होता.

घरी पोचल्यावर तो ती घेऊन फ्रीजसमोर उभा राहिला. नेहमी ती खालच्या मजल्यावर, गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये गेली असती.

"खालच्या कप्प्यात ठेव," वडील बूट काढता काढता म्हणाले. "वर दूध आहे."