आळीचा सातबारा

उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे. पनवेल तालुक्यातली ही दहा गावं नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठली. तीन हजारांहून अधिक कुटुंबं हलली. घरांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरं मोजली गेली, त्यांचे पंचनामे झाले, कुणाची पात्र ठरली, कुणाची अपात्र, त्यावरून मोर्चे निघाले. शेतांची मोजणी तर आमच्या आधीच्या पिढीनेच पाहिली होती. पण दोन घरांच्या मध्ये जी जागा होती, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

माझं माहेर उलव्याचं. आमची आळी किती रुंद होती असं विचारलंत तर मला फुटात सांगता येणार नाही. डोक्यावर हंडा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीने ओट्याला टेकून दुसरीला वाट द्यायची, एवढी. वाट देतानाच अर्धी गोष्ट सांगून व्हायची आणि उरलेली परतीच्या वाटेवर. दोन्हीकडे ओटे. काही शेणाने सारवलेले, काही पुढे कोबा केलेले, नंतर नंतर लादी बसवलेले. घर कुणाचं ते उंबऱ्याच्या आत ठरायचं. ओटा मात्र ज्याचा त्याचा असूनही सगळ्यांचाच होता. दुपारी त्यावर तांदूळ निवडले जायचे, संध्याकाळी म्हातारी माणसं बसायची, रात्री उकाड्यात पोरं तिथेच झोपायची. पावसाळ्यात डोंगराकडून येणारं पाणी आळीच्या मधोमध ओहळ करून धावायचं आणि आम्ही त्यात चपला सोडायचो. उन्हाळ्यात ताडपत्रीवर सुकट पसरलेली, काठीने कावळे हाकत बसलेली एखादी आजी, खुंटीला टांगलेला पाग म्हणजे फेकायचं जाळं, कुठून तरी भाजल्या चिंबोरीचा वास. कुठल्याही दारावरून गेलं तरी आतून हाक यायचीच, "कवा आयलीस गो बाय?" या हाकेला उत्तर न देता पुढे जाण्याची सोय आळीत नव्हती, आणि मला तशी सोय कधी हवीशीही वाटली नाही.

आळीचं खरं रूप दिसायचं हळदीच्या दिवशी. मांडव घराला घालत नसत, आळीला घालत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रहदारी बंद करायला कुणाची परवानगी लागत नव्हती, कारण रहदारी म्हणजे आम्हीच. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसायची आणि तिचे धवले सुरू झाले की पलीकडच्या ओट्यावरच्या बाया मागची ओळ उचलायच्या. गाणं आळीच्या दोन भिंतींमध्ये कोंडून घुमायचं. ते घुमणं पुढे मोठमोठ्या हॉलमधल्या स्पीकरांतून मी कित्येकदा शोधलं, सापडलं नाही. देवाची पालखी याच आळीतून दारोदारी थांबत जायची. सून याच वाटेने आत आली, लेक याच वाटेने बाहेर गेली, आणि शेवटची तिरडीही इथूनच निघाली. एवढ्या अरुंद जागेत माणसाचं अख्खं आयुष्य मावत होतं.

१९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातखाचरं गेली, खारीची शेतं गेली, मिठागरं गेली. बांध फुटू नये म्हणून रात्री कंदील घेऊन धावणारी माणसं एकाएकी बिनकामाची झाली. त्या माणसांकडे उरलं ते गावठाण. म्हणजे घरं आणि घरांमधल्या आळ्या. या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी पाच जणांनी गोळ्या झेलून प्राण दिले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या सगळ्याच्या चर्चा मी लहानपणी ओट्यावर ऐकल्या. माझ्या मते आळीने तेव्हा फार मोठं काम केलं. शेत गेलेल्या माणसाला बसायला जागा दिली. काय गेलं ते दहा जणांत बसून बोलता आलं, म्हणून माणसं उभी राहिली. कुटुंबं वाढली तशी गरजेपोटी घरं वाढली, मजले चढले, आळी आणखी अरुंद झाली, तिच्यात ऊन येईना. तरी ती होती.

ज्या शहरासाठी हे सगळं झालं, त्या शहराच्या कर्त्यांना आळीचं मोल कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. त्याच कोरियांनी पुढे बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. तिथे सात-सात घरं एका सामाईक अंगणाभोवती बसवली आहेत. मी ती अंगणं फिरून पाहिली. झाडाखाली कुणी भाजी निवडत होतं, शेजारी तान्हं बाळ खेळत होतं, आणि मला घशाशी दाटून आलं. घरांच्या मधली मोकळी जागा घराइतकीच काळजीने आखावी लागते, हे त्या आराखड्याला ठाऊक आहे. तिथून खाडी ओलांडली की उलवे. तिथे ती जागा कुणीही न आखता पिढ्यान्‌पिढ्या तयार होती.

विमानतळाच्या वेळी मोबदला आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला मिळाला, हेही सांगायला हवं. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराखालच्या जागेच्या तिप्पट जागा, बांधकामासाठी मदत. माझ्या भावंडांची आज पक्की, हवेशीर घरं आहेत. मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे. याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवत नाही. पण भूखंडांची सोडत निघाली. पुष्पकनगर, वडघर, करंजाडे, वहाळ. ज्या दोन घरांची एक भिंत सामाईक होती, त्यातलं एक एका सेक्टरात गेलं आणि दुसरं दुसऱ्या. घर तिप्पट झालं, पण शेजार त्यात मोजलेला नव्हता. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, पण निदान घरपट्टीची पावती असते, विजेचं बिल असतं. आळीच्या नावाने कागदाचा कपटाही नव्हता. ती कुणाच्या मालकीची नव्हती, म्हणून तिच्यावर हक्क सांगायलाही कुणी गेलं नाही. ज्या शेजाऱ्यांना एकत्र राहायचं आहे त्यांना एका ओळीत भूखंड द्या, एवढी एक अट मोबदल्याच्या करारात असती तर? पैसा एकही जास्त लागला नसता. फक्त कुणीतरी आळी पाहायला हवी होती.

२०१७नंतरच्या काही वर्षांत गावं रिकामी होत गेली. नव्वदेक मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडून सपाट केला. उलवे नदीला नवं पात्र दिलं. वाघिवलीवाड्याजवळची केरुमातेची लेणी त्याच कामात गेली. जाणकार ती बौद्ध लेणी असल्याचं सांगत होते, गावाला ती देवी होती. ११६० हेक्टरांचा तो सपाट भाग आता विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्याला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून आमची माणसं रस्त्यावर उतरली, त्यात आमच्या आळीतल्या साठी ओलांडलेल्या बायाही होत्या. उलवे हे नाव आज उंच इमारतींच्या नोडला आहे. तरघरचं रेल्वे स्टेशन आहे. नवीन राहायला आलेल्या माणसाला या नावांमागे आळ्या होत्या हे कळायला काही मार्ग नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

नवी मुंबईत आळी म्हणजे काय ते पाहायचं असेल तर अजून दिवाळ्याला जा, करावेगावात जा, सारसोळ्याला जा. घरं उंच झालीत, वर तारांचं जाळं आहे, दुचाकींनी वाट अडवली आहे. तरी दुपारी बाया ओट्यावर येतातच. या गावठाणांच्या पुनर्विकासाची भाषा होते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. घर किती चौरस फुटांचं मिळणार एवढंच विचारू नका, असं मला त्या बायांना सांगावंसं वाटतं. शेजारी कोण येणार, दारासमोर काय असणार, हेही विचारा आणि लिहून घ्या.

आमच्या गावाचं एक काम मात्र अजून करता येण्यासारखं आहे. मोबदल्यासाठी प्रत्येक घराची मोजणी झाली होती. ते सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले, तर घरांच्या मधे जी रिकामी जागा उरेल तीच आमची आळी. दहाही गावांचे असे नकाशे व्हावेत आणि विमानतळाच्या इमारतीत एका भिंतीवर लागावेत, अशी मागणी आपण करायला हवी. पण मागणी करण्याआधी नकाशा आपल्याला स्वतःला काढता यायला हवा. म्हणून आम्ही बहिणींनी आठवेल तसं लिहायला घेतलं आहे. तोंडाशी किराणाचं दुकान, बाहेर बर्फाची पेटी. त्याला लागून मिठागरावर मुकादम असलेल्या आजोबांचं घर, ओट्याला दोन पायऱ्या. मग जाळी विणणारे दोघे भाऊ, भिंत एक आणि चुली दोन. समोर शिवणकाम करणारी काकी, तिच्या दारात चिंध्यांच्या बाहुल्या मिळायच्या. मग धवलारीण आजी. मग आम्ही. आमच्या पुढे मी म्हणते विहिरीकडे जाणारा बोळ होता. चुलतबहीण म्हणते, बोळ नंतर, आधी आत्याच्या सासरचं घर. दोघींचा आवाज चढला तेव्हा दादूसने मध्ये पडून सांगितलं की मोजणीच्या वेळचा कागद त्याच्याकडे आहे. रविवारी तो घेऊन वहाळला येणार आहे. वडघर आणि करंजाड्याला गेलेल्या शेजाऱ्यांनाही आपापले कागद घेऊन यायचा निरोप गेला आहे.