वानराचे पिल्लू आणि शिंप्याचे पिल्लू

वर्धा जिल्ह्यात वानर पाहायला बोरच्या जंगलातच जावे लागते असे नाही. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची टोळी गावातल्या कडुनिंबावरही उतरते. त्याच अंगणात, रुंद पानांच्या झुडपात, जेमतेम ६ ते १० ग्रॅम वजनाचा शिंपी पक्षी राहतो. दोघांची लेकरे वाढवण्याची रीत मात्र अगदी वेगळी.

वानरांत मुली जन्मभर आपल्याच टोळीत राहतात. बाहेर पडतात ते नर. त्यामुळे बाळंतिणीभोवती आई, बहिणी, मावश्या असतात. काळपट रंगाचे पिल्लू पहिल्या दिवसापासूनच या हातातून त्या हातात फिरते. तेवढ्या वेळात आई चार पाने निवांत खाऊन घेते आणि तरण्या माद्यांना लेकरू सांभाळायची सवय होते.

शिंप्याला असा गोतावळा नाही. मादी चोचीने पानाच्या कडांना भोके पाडते आणि कापसाच्या किंवा कोळ्याच्या धाग्याने टाके घालते. आपला भाग कापसाचा, धाग्याला काय तोटा! सुमारे १२ दिवसांत अंड्यांतून पिल्ले निघतात. पुढचे दोन आठवडे नर-मादी दोघेच किडे आणून त्यांना भरवतात.

माझी मुलगी पुण्यात दोन खोल्यांत बाळ वाढवते आहे. नात्यातल्या बायका नावे ठेवतात. बाळाला ना दादीची मांडी, ना खालाचा हात! जावई दुपटी धुतो, हे तर त्यांना मुळीच पटत नाही.

कुरआनात सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांनाही माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. अल्लाहने सगळ्यांना एकच रीत लावून दिलेली नाही, असे मला त्यातून वाटते. शिंप्याचे पिल्लूही उडायला शिकतेच. आणि प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. मग जावयाला हसायचे कशाला?

तरीही वानरीचे सुख खरे आहे. आईला दोन घास निवांत मिळायलाच हवेत. आपल्याकडे मुलगी घर सोडून जाते. तेव्हा खालाचे हात तिच्यापर्यंत पोचवायचे, तर आपल्यालाच गाडीत बसावे लागते. नावे ठेवणाऱ्यांतल्याच एकीला सोबत घेऊन मी रमजानआधी महिनाभर पुण्याला जाणार आहे, इन्शाअल्लाह. बाळाला आम्ही आळीपाळीने घेऊ. लेकीला झोपू देऊ.