मागच्या बैठकीवरून

जुन्या मोटारीचा शौक आणि गाण्याचा शौक हे दोन्ही एकाच माणसाला असूं नयेत, असें आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात. एकाचा खर्च दुसऱ्याच्या खर्चाला लाजवतो, हें त्यांचें कारण. आमचा अनुभव निराळा आहे. जुनी मोटार स्वतःच इतकी गात असते कीं तिच्यापुढें दुसऱ्या कोणाचें गाणें ऐकूं येत नाहीं, ही खरी अडचण!

आमची मोटार १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या वडिलांनीं ती घेतली तेव्हां मोटारीसाठीं नांव नोंदवून वाट पाहत बसावें लागे. या जातीच्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणें थांबल्याला आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांतील शेवटची पद्मिनीहि ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. वडील आज नाहींत. त्यांची गाडी आहे. तिचें १०८९ घन सेंटिमीटरचें लहानसें एंजिन ताशीं साठ किलोमीटरच्या पुढें गेलें कीं पुढचा पत्रा गुणगुणूं लागे, दारें त्याला साथ देत आणि पायांखालचा पत्रा ठेका धरी.

केसरबाई केरकरांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळांत गेली. तो सूर आज सर्व ग्रहांच्या पलीकडें पोंचला आहे; पण आमच्या गाडींत तोच सूर पुढच्या बैठकीवरून मागच्या बैठकीवर पोंचत नसे. ही गोष्ट मनाला फार लागली आणि एके दिवशीं आम्ही नाना पेठेची वाट धरली.

मोठे स्पीकर बसविले म्हणजे काम झालें, अशी आमची समजूत होती. कारागिरानें आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि दाराच्या पत्र्यावर बोटानें टिचकी मारली. ‘ठण्ण’ असा आवाज आला. तो म्हणाला, “साहेब, ही घंटा आहे. घंटेंत बसून गाणें काय ऐकणार? आधीं हिला गप्प करूं.”

तिला गप्प करण्यास आठ दिवस लागले. बैठकी निघाल्या, दारांचीं रेक्झिनचीं अस्तरें निघालीं. पायांखालच्या गालिच्याच्या तळाशीं पंचवीस पैशांचें एक नाणें आणि वडिलांच्या चष्म्याचा एक बारीक स्क्रू सांपडला. गंज खरवडून त्यावर रंग दिल्यावर पत्रा स्पिरिटनें पुसला आणि एका बाजूस ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेल्या ब्यूटिल रबराच्या चादरी त्यावर लाटणीनें दाबून बसविल्या. पत्रा थरथरूं लागला कीं त्याबरोबर हें रबर ताणलें जातें आणि त्या थरथरीची किंचित् उष्णता होऊन ती विरून जाते. सबंध पत्रा मढविण्याचें कारण नसतें. मधला तिसरा हिस्सा झांकला तरी घंटेचा नाद मरतो. पूर्वीं यासाठीं डांबरी चादरी वापरीत. त्या उन्हानें मऊ पडत आणि त्यांचा वासहि येई. एंजिनाची आणि चाकांची घरघर मात्र एवढ्यानें अडत नाहीं. तिच्यासाठीं खालीं फोम आणि त्यावर जड थर अंथरावा लागला, आणि जेथून तारा आंत येतात तेथील फटी बुजवाव्या लागल्या. दारांच्या तळाशीं पावसाचें पाणी निथळण्याचीं भोकें असतात. तीं तेवढीं त्यानें आठवणीनें मोकळीं ठेवलीं.

स्पीकरसाठीं दारांना करवत लावण्यास आम्ही तयार नव्हतों. कारागीर हंसला आणि पुढें पायांशीं दोन्ही बाजूंस मावतील अशा प्लायच्या दोन पेट्या त्यानें बनविल्या. स्पीकरचा पडदा पुढें हवा ढकलतो त्याच क्षणीं मागें ती ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकत्र मिसळला तर खालचे सूर एकमेकांस खाऊन टाकतात आणि तबल्याचा बायां मुका होतो. त्यांना वेगळें ठेवणें, हें पेटीचें काम.

काम संपल्यावर दारावर टिचकी मारली, तों ‘थप्प’ असा आवाज आला. साठच्या वेगाला फोनवरचें मापन पूर्वीं ७८ डेसिबल दाखवी, तें आतां ७२ दाखवूं लागलें. आंकड्यांत हा फरक क्षुल्लक दिसतो. पण ध्वनीची शक्ति त्यानें चौथ्या हिश्श्यावर येते. आम्ही अगदीं कृतकृत्य झालों.

पुढच्याच रविवारीं वाईला निघालों. आम्ही आणि पत्नी पुढें, आई नेहमीप्रमाणें मागें. आईचें वय चौऱ्यायशीं. कानाला यंत्र आहे. पण तें यंत्र माणसाच्या शब्दाबरोबर एंजिनाची घरघरहि मोठी करतें, म्हणून गाडींत ती तें बंद ठेवी आणि खिडकीबाहेर पाहत बसे. वयोमानानें ती अबोल झाली, असें आम्ही समजून चाललों होतों. तिच्या औषधांविषयीं, तिच्या पैशांविषयीं आणि अलीकडें वाईच्या घराविषयींहि पुढच्या बैठकीवर बोलण्याची आम्हां दोघांस संवय झाली होती. तिच्यासमोर बोलायचें, पण तिला ऐकूं जाऊं द्यायचें नाहीं, अशी ती सोय होती.

खंबाटकीचा घाट चढतांना आम्ही पत्नीला म्हणालों, “गिऱ्हाईक बरें आलें आहे. आईला एवढ्यांत कांहीं सांगायला नको.” आणि केसरबाईंची भैरवी लावली.

“अरे, तें जरा बंद कर,” आई मागून म्हणाली. आवाज मोठा झाला असेल असें वाटून आम्हीं तो कमी केला. “कमी नको, बंद कर. आज यंत्र लावून बसलें आहें. घर विकायचें तर विका. पण माझ्या पाठीमागें बोलावें तसें माझ्यासमोर बोलूं नका.”

घाट संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. इतकी शांतता त्या गाडीनें चाळीस वर्षांत कधीं पाहिली नसेल. मग आम्ही म्हणालों, “चुकलें, आई.” ती त्यावर कांहीं बोलली नाहीं, मात्र पुढें वाईपर्यंत तीच बोलत होती. कोणत्या खोलींत आमचा जन्म झाला, कौलें कोणत्या वर्षीं बदललीं, विहिरीवरून भाऊबंदांशीं काय झालें. यांतलें निम्मेंअधिक आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलेलें नव्हतें. शेवटीं तिनें सांगितलें कीं घर तिलाहि झेपत नाहीं; पण एक दिवाळी तेथें व्हावी आणि मग विकावें. तसें ठरलें. गिऱ्हाइकाला आम्हीं त्याच दिवशीं थांबावयास सांगितलें.

परत येतांना पत्नी आपण होऊन मागें बसली आणि आई पुढें आली. बोगदा ओलांडल्यावर ती म्हणाली, “आतां लाव तुझें गाणें.” पहिला स्वर लागला तशी तिनें मान हलविली.

“केसरबाई ना?” तिनें विचारलें.