सात-पाचच्या बातम्या

रेडिओचा कान पिळला की आधी खरखर, मग आकाशवाणीची ती ओळखीची धून, आणि मग सांगली केंद्राच्या निवेदकाचा स्वच्छ, संथ आवाज. साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरातून अजिंक्यताऱ्याची काळी कड जेमतेम उजळू लागलेली दिसायची, आणि फळीवरच्या त्या रेडिओपाशी आई पदर खोचून उभी असायची. सांगली तिचं माहेर. केंद्र 1963 साली सुरू झालं तेव्हा ती शाळकरी होती. माहेरची ओढ, दुसरं काय, असं घरात सगळे म्हणायचे.

भक्तिगीतं लागली की कणीक, संस्कृत बातम्यांना दूध, सात-पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आमचे डबे. रेडिओचे सेल संपले की मात्र सकाळ विस्कटायची. भेंडी चिरता चिरता आई उठून माहेरची हळद बरणीत भरायला घ्यायची, तेवढ्यात कुणाचं तरी पत्र आठवायचं, आणि विळीपाशी अर्धी भेंडी तशीच सुकत राहायची. ‘किती गं वेंधळी तू,’ आजी म्हणायची. आई गप्प. रात्री निजानीज झाल्यावर राहिलेलं एकेक उरकत बसायची. फार थकायची.

चाळिशी उलटल्यावर मी लेकीला घेऊन सांगलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या तिच्याविषयी विचारत होत्या आणि उत्तरं माझी निघत होती. एडीएचडी, तिला, आणि पुढच्या काही भेटींनंतर मलाही. खुणा वयाच्या बाराव्या वर्षाआधीच्या असाव्या लागतात, म्हणून बाईंनी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. निळ्या शाईत, दरवर्षी वेगळ्या अक्षरात, तेच वाक्य: हुशार आहे, पण लक्ष नसते.

लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली, त्यांत मुलगेच अधिक होते. पुढेही कितीतरी वर्षं बाकावर चढणारा मुलगाच नजरेत भरत राहिला. खिडकीशी बसून मनानं कुठल्या कुठे गेलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही; तिला डॉक्टरांकडे कोण नेणार? चुळबुळ नसतानाही लक्ष असं निसटू शकतं, हे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमग्रंथात आलं ते 1980 साली. आई तोवर साताऱ्यात रेडिओच्या तालावर संसार करू लागली होती.

परतीच्या एसटीत, कराड मागे पडल्यावर, ते माझ्या ध्यानात आलं. तिला वेळ आतून कळतच नसे. तो कानातून यावा लागे. कुणी न शिकवता, एकटीनं शोधलेला केवढा हा आधार! आणि आम्ही त्याला ओढ म्हणत राहिलो.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. सत्तरी ओलांडलेली माझी आई बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सासूबाई मला उगाचच बोलायच्या का गं?’

या वयात कशाला आता तपासणी, असं नातेवाईक म्हणतात. मला वाटतं, व्हायलाच हवी. औषध घ्यायचं की नाही ते ती ठरवील. पण तू आळशी नव्हतीस, हे जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचा तिचा हक्क आहे. बाईंची वेळ घेतली आहे. आई रोज नवं काही काढते: अर्धवट राहिलेलं बी.ए., बाही न लागलेला स्वेटर, लिहून पेटीतच राहिलेली पत्रं. मी सगळं लिहून घेते आहे, बाईंना दाखवायला.