रंग कोणाच्या डोळ्यांनी निवडावा?

रंगाच्या दुकानात अलीकडे घराच्या आधी शैली विचारली जाते. पारंपरिक, आधुनिक की मिनिमल, असे पर्याय पुढे येतात आणि प्रत्येकासाठी ठरावीक छटांचे पान उघडले जाते. वाङ्मयेतिहासातील कालखंडांसारखीच ही विभागणी सोयीची असते. तिच्या मर्यादा मात्र प्रत्यक्ष भिंतीपाशी गेल्यावर कळू लागतात.

‘पारंपरिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छटांचेच पाहा. वाड्यातील चुन्याचा पांढरा आणि गेरूचा तांबडा हे रंग सजावटीच्या पुस्तकातून आलेले नव्हते; चुना व गेरू हाताशी होते. भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू चुनखडीच होतो आणि तरीही भिंतीतील ओलावा बाहेर जाऊ देतो. त्यात थोडी नीळ मिसळत, कारण किंचित निळसर पांढरा अधिक शुभ्र भासतो. अशा जुन्या भिंतीला हुबेहूब त्याच छटेचा ऑइलपेंट दिला, तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटू लागतात. छटा जुनी राहते, भिंतीचा धर्म मात्र बदलतो.

आधुनिक घर म्हणजे पांढरे घर, ही समजूतही अशीच तपासावी लागते. आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू ल कॉर्बुझिए यांनी १९३१ साली सालुब्रा या स्विस कंपनीच्या वॉलपेपरसाठी ४३ छटांचा संग्रह तयार केला होता. रंगामुळे भिंत पुढे आल्यासारखी वा मागे सरकल्यासारखी वाटते, खोलीची जाणीवच पालटते, याचा त्यांनी गांभीर्याने विचार केला होता.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. भिंतींचा एवढा विचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती आईंमुळे. ब्याऐंशीव्या वर्षी वाईजवळचे घर बंद करून त्या आमच्या फ्लॅटमध्ये कायमच्या राहायला येणार होत्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मधुमेहामुळे लांबणीवर पडली होती. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात, निळ्या-हिरव्यातला भेद पुसट होतो. फिकट आणि गडद यांतला ठळक फरक त्यामानाने टिकून राहतो, पण तकतकीत भिंतीवरून परतणारा उजेड डोळ्यांना खुपतो.

आमच्यापुढे एक देखणी योजना होती : फिकट राखाडी भिंती आणि त्याच वर्णाच्या चौकटी. नमुन्याचे चित्र आईंनी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, “सगळं छान आहे गं, पण यात दार कुठंय?”

मग आम्ही रंगाऱ्याकडून दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारून घेतले. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात ते पाहिले. शेडकार्डावरील चौकोनात सौम्य वाटणारी छटा चारही भिंतींवर अधिक गडद होते, कारण भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात. दुपारी शांत वाटणारा राखाडी रात्री पिवळ्या दिव्याखाली मळकट दिसू लागला.

शेडकार्डावरील इंग्रजी नावे आईंना काहीच सांगत नव्हती. पहाट, बेट, कुजबुज अशा नावांमधून मनःस्थिती कळते, रंग कळत नाही. आपली रंगनामे बहुधा वस्तू पुढे ठेवतात : अबोली, डाळिंबी, मोरपंखी, आमसुली. खाकी, आसमानी, बदामी ही नावे फारसीतून आली. तीही धूळ, आकाश आणि बदाम सोबत घेऊनच. आम्ही कार्ड मिटले आणि नुसती नावे उच्चारू लागलो, तेव्हा आई लगेच बोलू लागल्या. भिंतींना मोतिया, चौकटींना आमसुली. “आमसूल वाळल्यावर होतं तसला, ओला नको.”

त्या दोन छटांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना आज कितपत जाणवतो, हे आम्ही विचारले नाही. त्यांच्या स्मरणात तो शाबूत होता, आणि एका शब्दासरशी तो आम्हां दोघांनाही दिसला. बघण्याची शक्ती उणावलेल्या माणसाला निवडीचा अधिकार भाषेने असा परत द्यावा, याचे आम्हां भाषेच्या शिक्षकांना अप्रूप वाटले.

भिंतींना मॅट फिनिशचा मोतिया लागला, चौकटींना वाळलेल्या आमसुलाचा रंग. स्विचबोर्डांभोवतीही त्याच रंगाची बोटभर पट्टी ओढून घेतली. येणारे-जाणारे विचारतात, ही कोणती शैली? नेमके उत्तर आमच्यापाशी नाही. रात्रीच्या मंद दिव्यात आई भिंत न चाचपता न्हाणीघरापर्यंत जातात आणि परत येतात.