जालन्यात बिऱ्हाड थाटताना

मंठा तालुक्यातून आम्ही जालन्यात राहायला आलो, तेव्हा घर पाहताना खोल्या मोजल्या, भाडे ठरवले. पाण्याचे विचारायचे मात्र राहून गेले. पहिला आठवडाभर नळ आलाच नाही आणि रमजान चार दिवसांवर होता. शेजारच्या खाला भरलेला हंडा घेऊन दारात आल्या, तेव्हा कुठे आमचा वुजू झाला.

स्टीलच्या कारखान्यांत, बियाणे कंपन्यांत कामासाठी येणाऱ्या कुटुंबांना म्हणून आमचे सांगणे आहे, आधी पाणी विचारा. शहराला घाणेवाडी तलावाचे आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी येते. पण आपल्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो, हौद केवढा आहे, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, टँकर आत शिरतो का, हे घरमालकाबरोबर शेजाऱ्यांनाही विचारा.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा. काम आणि मुलांची शाळा ज्या बाजूला, घरही त्याच बाजूला बघा. रोजचे रिक्षाभाडे वाचेल. भाडेकरार लेखी करा. मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता ही कामे पहिल्याच महिन्यात उरका.

परक्या माणसाची गरज या गावाने पूर्वीच ओळखली होती. काळी मस्जिद बांधणाऱ्या जमशेदखानाने मुसाफिरांसाठी सरायही बांधली आणि मोती तलावही.

आता आमच्या गल्लीत नवे बिऱ्हाड उतरले की आम्ही सलाम करायला जातो. जाताना भरलेला हंडा बरोबर नेतो.